एकाच फवाऱ्याची गाडी

थंडी पडली की मला भांडावंसं वाटतं.

लोकांना थंडीत हुरडा आठवतो, गोधडी आठवते, गुऱ्हाळावरचा गोड धूर आठवतो. मला माझी गाडी आठवते आणि तिच्याविरुद्ध बोललेली सगळी माणसं ओळीने आठवतात. या आठवड्यात नाशिकचा पारा एकदम खाली आला. सकाळी पार्किंगमध्ये गेले तर गाडीच्या काचेवर दव थिजलेलं. मी किल्ली फिरवली. गाडी लगेच चालू झाली, मग तिच्या सवयीप्रमाणे थोडी खोकली, थरथरली आणि हळूहळू एका सुरात लागली. दुसऱ्या मजल्यावरचा कौस्तुभ त्याच्या नव्या, आवाजच नसलेल्या गाडीची चार्जिंगची वायर काढत होता.

"काकू, खरं सांगा," तो म्हणाला, "हिचा आता फायदा काय? अख्ख्या इंजिनाला एकच इंजेक्टर! माझ्या जन्माच्या आधीचं तंत्र आहे हे."

"वेळ आहे का ऐकायला?"

त्याला वेळ नव्हता. म्हणून हे लिहायला बसले.

ही गाडी माझ्या हाती आली त्या हिवाळ्यात मी दिंडोरी रस्त्यावरच्या आमच्या गावात राहत होते. नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलेली, गावच्या हायस्कुलात दुपारच्या सत्रात इतिहास शिकवणारी, चाळिशीची बाई. घरात आई, थोरला भाऊ म्हणजे दादा, आणि वहिनी. दादाची द्राक्षबाग आणि बागेच्या कडेला आईची थोडी शेवंती. अण्णा, म्हणजे आमचे वडील, जाऊन काही वर्षं झाली होती. दिवाळीच्या तोंडावर आईच्या छातीत गाठ निघाली. नाशिकला ऑपरेशन झालं. टाके सुकले तसं डॉक्टरांनी सांगितलं, आता शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचा. रविवार सोडून रोज, महिना-दीड महिना. मध्ये खंड पडू द्यायचा नाही.

दादा वाईट माणूस नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच्यावर रागावणार आहे.

"रोज कोण नेणार?" तो म्हणाला. आम्ही सगळे पडवीत बसलो होतो. "मणी फुगायला लागलेत. मजूर मिळंना. ही थंडी अशीच ऱ्हायली तर पहाटे बागंत धूर करायला मलाच उभं ऱ्हावं लागंल. एसटीनं धक्के खात न्यायचं तर तिची काय दशा व्हईल?" मग आवाज जरा उतरवून, "वय झालं तिचं. एवढी दगदग सोसंल का, त्याचा बी विचार करा."

हा विचार तिच्यासमोरच चालला होता. आई भिंतीला टेकून शेवंतीचे देठ खुडत होती. तिने मान वर केली नाही.

"मला जायचं हाय," ती म्हणाली. "कसं जायचं ते बोला. जायचं का नाय, ते नका बोलू."

मी म्हणाले, "अण्णांची गाडी आहे ना."

सगळ्यांनी शेडकडे बघितलं. अण्णांनी ती गाडी नाशिकच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली होती. ते गेल्यापासून ती ताडपत्रीखाली उभी होती आणि बॉनेटवर कोंबड्या बसत होत्या.

"तुला गाडी येते कुठं?" दादाने विचारलं.

"लायसन्स आहे माझं."

"लायसन्स कपाटात हाय."

खरं होतं ते. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांशिवाय मी गाडी हातात घेतली नव्हती, आणि हायवेवर तर कधीच नाही. पण तो ज्या सुरात बोलला ना, त्या सुराने माझं ठरलं. आयुष्यातले माझे बरेचसे बरे निर्णय कुणाच्या तरी सुरामुळे झालेले आहेत.

गाडी दुरुस्त करायची तर आधी गावचे दिगंबर फिटर आले. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिनावरचं परातीएवढं काळं झाकण काढलं, आत डोकावले आणि झाकण परत बसवलं. "कार्बोरेटर आसता तर आत्ता चालू करून दिली आसती, ताई. ह्याला इंजेक्शन हाय. कॉम्प्युटरचं काम. मी हात लावत नाय." मग नाशिकच्या एका चकचकीत वर्कशॉपमध्ये फोटो दाखवले. तिथला टाय लावलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, हे फार जुनं झालं. प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असता तर बघितलं असतं. याचे पार्टसुद्धा येत नाहीत."

एकाला ती फार नवी, दुसऱ्याला फार जुनी. माहेरी परत आलेल्या बाईबद्दलही लोक साधारण असंच बोलतात, त्यामुळे मला फारसं नवल वाटलं नाही. फक्त डोकं तापलं. त्याच तिरमिरीत मी कविताला फोन लावला.

कविता माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. नाशिकच्या एका पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइल शिकवते. आवाज असा, की वर्गात माइक लागत नाही आणि हॉटेलात लोक वळून बघतात. रविवारी ती स्कूटरवर हत्यारांची पेटी बांधून आली. टाकीतलं शिळं, आंबूस वासाचं पेट्रोल काढून टाकलं. नवी बॅटरी बसवली. झाकण काढून इंजेक्टर स्वच्छ केला. आई शेजारी बाज टाकून सगळं बघत होती.

"ऐका," कविता वर्गात असल्यासारखी म्हणाली, "कार्बोरेटरमध्ये आत जाणारी हवाच पेट्रोल ओढून नेते. सगळा अंदाजाचा कारभार. थंडीत अंदाज चुकतो, म्हणून चोक ओढत बसायचं. नव्या गाड्यांत प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी त्याचा स्वतःचा इंजेक्टर असतो. आणि ही गाडी मधली. हवा जिथून आत शिरते तिथेच हा एक इंजेक्टर बसवलाय. तो वरून पेट्रोल फवारतो, चारही सिलिंडरसाठी. किती फवारायचं ते कॉम्प्युटर ठरवतो."

आईने जरा विचार केला. "म्हंजे ते पहिलं पाटाचं पाणी. ते नवं ठिबक, ज्याच्या त्याच्या बुडाशी. आन् आपलं वावराच्या तोंडाशी एकच फवारा."

कविता हातातला पाना खाली ठेवून हसली. "मावशी, हे मी उद्या वर्गात सांगणार."

"मंग लांबच्या वाफ्याला कमी मिळत आसंल."

"मिळतं ना. हाच तर मोठा तोटा. थंडीत आतले नळ गार असतात, पेट्रोल त्यांच्या भिंतीला चिकटतं. कुठल्या सिलिंडरला जास्त मिळतं, कुठल्याला कमी. म्हणून सुरुवातीला ही थरथरणार. एकदम पाय दाबलास, शोभा, तर उचलणार नाही, गचके देईल. जरा गरम होऊ दे मग निघ. पेट्रोलही नव्या गाडीपेक्षा जास्त पिणार. आणि हा एक बंद पडला की चारही बंद."

"एवढं सगळं वाईटच असेल तर ठेवायची कशाला?" मी विचारलं.

"फायदे ऐकायच्या आधीच चिडतेस तू. चोक नाही, थंडीत पहिल्या किल्लीला उठेल. रचना साधी. साफ करायचा तर एकच इंजेक्टर आणि तोही समोर. आणि मुख्य म्हणजे बिघाड डोळ्यांना दिसतो. नव्या गाडीत इंजेक्टर आत दडलेले असतात. इथे झाकण काढायचं, दुसऱ्या कुणाला किल्ली फिरवायला सांगायची आणि बाजूला उभं राहून आत बघायचं. फवारा दिसला तर पेट्रोल येतंय. नाही दिसला तर पेट्रोल येत नाही, मग तिथून पुढे शोधायचं. तोंड त्याच्यावर नेऊ नकोस, आणि जवळ कुणाला विडी ओढू देऊ नकोस." मग तिने आईकडे बघितलं. "मावशी, फिरवा किल्ली."

आई उठली, पदर खोचला, गाडीत जाऊन बसली. किल्ली फिरली तशी गाडी जागी झाली. कोंबड्या उडाल्या. वहिनी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. दादा बागेत होता. त्याने आवाज ऐकला असणार, पण तो आला नाही.

त्या सकाळी मला अजून जशाच्या तशा दिसतात. उजाडायच्या बेताला आम्ही निघायचो. बागांमधून धुराचे पट्टे रस्त्यावर उतरलेले असायचे. द्राक्षाला थंडी बाधू नये म्हणून लोकांनी ओला पाला पेटवलेला. त्या धुरात धुकं मिसळलं की समोरचं बैलगाडीचं चाक तेवढं दिसायचं, गाडीवान दिसायचा नाही. गाडीचा हीटर अर्धाच चालायचा. आईच्या डोक्याला अण्णांची माकडटोपी, अंगावर दोन शाली आणि मांडीवर फडक्यात बांधलेली शेवंती, कारण नाशिकला रिकाम्या हाताने जाणं तिला पटत नव्हतं. शेक घेऊन झाला की ती फुलं दवाखान्याच्या दारातल्या हारवालीला विकायची. घासाघीस करायची. आत मशीनखाली निमूट झोपलेली बाई बाहेर येऊन दोन रुपयांवरून हमरीतुमरीवर यायची, हे बघून मला कसलं बळ यायचं ते सांगता येणार नाही.

सुरुवातीचे दिवस माझे हात स्टेअरिंगला चिकटल्यासारखे असायचे. पाठीमागून ट्रक हॉर्न द्यायचे. मी घाबरून पाय दाबला की गाडी गचका द्यायची आणि आई म्हणायची, "तिला तिच्या मनानं घेऊ दे की. लय मागं लागू नको तिच्या." हळूहळू मला तिची चाल कळली. ओढ्याचा पूल येईपर्यंत सावकाश. त्यानंतर तिला विचारायची गरज नसायची.

दवाखान्याच्या त्या हॉलमध्ये सुरगाण्याकडचे एक बाबा रोज भेटायचे. घशाचा आजार होता. बोलता येत नव्हतं, पण आईला बघितलं की हात वर करायचे. त्यांचा मुलगा सांगायचा, जीप भरायची वाट बघावी लागते, जीप भरली तर पुढची एसटी निघून जाते, नाशिकला राहायचं तर खोली नाही. एक दिवस ते दिसले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "त्यांनी बंद केलं यायचं." आई त्या दिवशी हारवालीशी भांडली नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आजारानं नाय गं मरत मानूस. रस्त्यानं मरतं."

नंतर एका सकाळी ढकांब्याच्या अलीकडे चढावर आमची गाडी बंद पडली.

कसलीही सूचना न देता, दिवा विझावा तशी. मी कशीबशी कडेला घेतली. किल्ली फिरवली; इंजिन फिरत होतं, पेटत नव्हतं. मागून आलेली एक जीप थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "ताई, भंगार हाय ही. हितंच सोडा. आजीला बसवतो जीपमधी, तुम्ही कुनाला तरी बोलवा."

"तुझी जीप नाशिकला कधी पोचंल?" आईने खिडकीतून विचारलं.

"भरली की निघू."

"मंग जा तू."

मी उतरले. बॉनेट उघडलं. काळं झाकण काढलं. "आई, फिरव किल्ली," मी ओरडले. इंजिन घरघरलं. मी बाजूला उभी राहून आत बघितलं. फवारा नव्हता. म्हणजे पेट्रोल येत नव्हतं. इथवर मला समजलं, आणि एवढंसुद्धा समजतंय याचाच इतका धीर आला की पुढचं सुचलं. आई म्हणाली, मागे टाकीपाशी पंपाची घूं तर ऐकू येते. म्हणजे पंप चालू होता. मग इंजेक्टरच्या वायरीला हात लावला. तिचा प्लग हातात हलला. त्याची प्लास्टिकची खिट्टी जुनी होऊन तुटली होती आणि चढावरच्या खड्ड्यात प्लग सैल पडला होता. मी तो दाबून धरला. "फिरव!"

फवारा आला. छत्री उघडावी तसा, बारीक, गोल. मी आयुष्यात पुष्कळ सुंदर गोष्टी बघितल्या आहेत, पण त्या फवाऱ्याच्या तोडीची एखादीच असेल.

पण हात काढला की प्लग पुन्हा सुटणार. आईने फडक्यातून शेवंतीचा दोरा काढून खिडकीतून पुढे केला. हार ओवायचा पांढरा दोरा. मी तो चारपदरी करून प्लग आवळून बांधला, झाकण बसवलं. जीपवाला अजून उभाच होता. आई त्याला म्हणाली, "आता भंगाराच्या मागं मागं ये."

आम्ही वेळेत पोचलो. शेक चुकला नाही.

पण आम्ही घरी परतायच्या आत ती बातमी गावात पोचली होती, आणि येताना मोठी होऊन आली होती. रविवारी सकाळी दादा जुन्या गाड्या घेणाऱ्या एका माणसाला घेऊनच आला. तो माणूस टायरला लाथ मारून बघू लागला. मी ओट्यावरून ओरडले, "कुणाला विचारून?"

"रस्त्यात बंद पडली ती!" दादाही ओरडला. "आज शेवंतीच्या दोऱ्यानं बांधली, उद्या काय कुंकू लावून चालवनार का? मी भाड्याची गाडी बघतो."

"कधी? बाग उतरल्यावर?"

आमचं भांडण चालू असताना आई शांतपणे घरात गेली. बाहेर आली ती सुपात हरभऱ्याचे घाटे घेऊन. सरळ गाडीपाशी गेली, पुढचं दार उघडलं, सीटवर बसली, दार लावून घेतलं आणि घाटे सोलू लागली.

"आई, उतर," दादा म्हणाला.

"घाटे सोलून झाले की बघू."

घेणारा माणूस थोडा वेळ उभा राहिला. वहिनींनी त्याला चहा दिला. चहा संपला तरी घाटे संपेनात. आई एकेक दाणा निवडत होती आणि सालं खिडकीबाहेर टाकत होती, बरोबर त्याच्या बुटांपाशी. शेवटी तो म्हणाला, "तुमचं घरात ठरू द्या," आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेला.

दादा गाडीच्या दाराशी जाऊन उभा राहिला. त्याचा आवाज बसला होता. "मधी रस्त्यात तुला काही झालं तर, आई?"

"आन् हितं बसून झालं आसतं तर?" ती म्हणाली. "तू बाग संबाळ. तुझी बाग बी माझीच हाय, ती जळाली तर मला बी लागंल. पन माझ्या जाण्याचं तू ठरवू नको."

दादा बागेत निघून गेला. त्या दिवशी आमच्यात कुणी माफी मागितली नाही आणि पुढेही कधी मागितली नाही. एवढं खरं, की पुन्हा गाडी विकायची भाषा त्याने काढली नाही. कविताने नवी खिट्टी कुठून तरी मिळवून बसवली आणि दोरा सोडून टाकला.

आता कौस्तुभचं उत्तर. त्याचे सगळे मुद्दे बरोबर आहेत. माझी गाडी जास्त पेट्रोल पिते. थंडीत पहिली काही मिनिटं ती कुणाचं ऐकत नाही. पार्ट शोधायला मला पार मालेगावच्या जुन्या बाजारापर्यंत जावं लागतं, आणि तिथेही दुकानदार आधी हसतो मग शोधतो. धूर तपासणीला मी दरवर्षी धडधडत्या छातीने जाते. तिच्यापेक्षा चांगलं तंत्र आलं आहे, येत राहील, आणि यायलाच हवं. आईच्या आजारावरही नवं तंत्र होतं म्हणून तर ती वाचली. माझं भांडण नव्याशी नाही. "आता हिचा फायदा काय" असं उभ्या उभ्या विचारणाऱ्या सुराशी आहे. तो सूर मी ओळखते. तो आधी गाडीबद्दल लागतो, मग माणसांबद्दल. वय झालं, दगदग सोसेल का, पार्ट मिळत नाहीत, घरी बसा. ज्याच्यात पाच तोटे आणि दोन फायदे आहेत, त्याने आपले दोन फायदे घेऊन भर थंडीत रस्त्यावर यायचं नाही, असा नियम कुणी केला? मी तो मानत नाही. आई तर कधीच मानत नव्हती आणि आजही मानत नाही. या थंडीतही गावी बागेच्या कडेला तिची शेवंती उभी आहे आणि दादाने औषध मारताना नळी फुलांवरून ओढली म्हणून कालच तिने इथे माझ्याकडे आलेली असताना त्याला फोनवर झापलं.

शेवटच्या शेकाचा दिवस सांगते आणि थांबते. सिस्टरनी आईला नमस्कार केला आणि "आता येऊ नका" म्हणाल्या. मला वाटलं ती रडेल. ती हारवालीला फुलं देऊन आली आणि गाडीत बसली. गावाच्या अलीकडे सोयाबीन काढलेलं आमचं मोकळं वावर आहे. तिथे म्हणाली, "आत घे."

मी घेतली.

"आता तू इकडं बस."

मला आधी कळलंच नाही. ती उतरली, पुढून वळसा घालून माझ्या दाराशी आली आणि उभी राहिली. मी सरकले. ऑपरेशन डाव्या बाजूचं होतं. तो हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता, रोज भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम सांगितलेला. मी क्लच दाखवला, पहिला गिअर मीच टाकून दिला. गाडी गचका देऊन बंद पडली. तिने किल्ली फिरवली. पुन्हा बंद. पुन्हा किल्ली. गाडी दरवेळी उठत होती. चौथ्या की पाचव्या खेपेला ती निघाली. ढेकळांवरून डुलत, धूळ उडवत, सरळ बांधाच्या दिशेने. पलीकडे बागेत दादा फवारणीचा पंप खाली ठेवून बघत उभा राहिलेला मला दिसला.

"आई, वळव! बांध आला! ब्रेक मधला, मधला!"

"माहीत हाय मला ब्रेक," ती म्हणाली. तिने स्टेअरिंग वळवलं, डावा हात उचलून गिअरच्या दांड्यावर ठेवला, दुखलं म्हणून दात आवळले आणि समोरची नजर न काढता मला विचारलं, "दुसरा कुठं पडतो, त्ये सांग."